हरसूलच्या वाटेवरचं काळ्या सालीचं झाड : ऐन, अर्जुन की टेंभुर्णी?

गोदाकाठ | १६ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून वाघेरा घाट चढून हरसूलकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या अंगाला उताराची शेतं लागतात. त्यातल्या एका बांधावर हे झाड आहे. फोटो जोडलेत.

अडचण अशी की झाडावर पान नाही, फूल नाही, फळ नाही. सगळ्या फांद्या कुणीतरी बुडख्यापर्यंत साळलेल्या, वर नुसती खुंटं उरलीत. ओळखायला फक्त खोड. कवेत जेमतेम मावेल एवढं जाड. साल काळसर राखाडी, उभ्या-आडव्या खोल भेगा आणि त्यामुळे पडलेले चौकोनी तुकडे, थेट मगरीची पाठ. नखानं खरवडून पाहिलं, सहज निघत नाही. खाली थोड्या अंतरावर ओढा आहे, सध्या कोरडा.

जाणकारांनी सांगावं. वर्षभर त्या रस्त्यानं जाणं-येणं असतं, त्यामुळे लागेल तेव्हा लागेल तो फोटो आणून देईन.

---

रानभूल | १६ फेब्रुवारी

ओढा जवळ आहे म्हणताय, म्हणजे अर्जुन. नदी-ओढ्याकाठी तोच असतो.

---

सह्यफिरस्ता | १६ फेब्रुवारी

अर्जुन नाही. अर्जुनाची साल गुळगुळीत असते, फिकट राखाडी, कधी हिरवट-गुलाबी झाक असलेली. तिचे मोठे पातळ पापुद्रे सुटतात आणि आतला गुलाबी रंग दिसतो. जुन्या अर्जुनाच्या बुंध्याला खाली पाखं फुटल्यासारखा पसारा असतो. शहरात बागांमधून, रस्त्याकडेला अर्जुन भरपूर लावलाय. एकदा खोडावरून हात फिरवा, म्हणजे फोटोतल्या खोडाशी त्याचं काही नातं नाही हे कळेल.

(नातं तसं आहे म्हणा, पण ते कुळाचं. त्यावर पुढे येऊ.)

माझ्या मते दोनच नावं उरतात : ऐन किंवा टेंभुर्णी. दोघांची साल काळी आणि चौकड्यांची, आणि निष्पर्ण असताना भलेभले गोंधळतात. टेंभुर्णीच्या चौकड्या लहान असतात, रंग जवळजवळ कोळशाचा. ऐनाच्या मोठ्या, जाड आणि काळ्यापेक्षा राखाडीकडे झुकणाऱ्या. फोटोत ऊन तिरपं आहे, रंगावर विसंबता येत नाही. ढगाळ दिवशी किंवा सावलीत पुन्हा काढा.

---

मोबाइलबाबा | १७ फेब्रुवारी

माझ्या मोबाइलमधलं झाडं ओळखणारं अ‍ॅप ‘टेंभुर्णी’ सांगतंय. दुसरा फोटो टाकला तर ‘मोह’ म्हणालं. तिसऱ्याला ‘ओक’ 😀

---

सह्यफिरस्ता | १७ फेब्रुवारी

हरसूलला ओक! नुसत्या सालीवरून अ‍ॅपला विचारू नये, पान-फूल दिलं तर बरं चालतं. मोहाचं मात्र अगदीच चुकलं नाही. त्याचीही साल गडद आणि भेगाळ असते. पण मोहाची कोवळी डहाळी मोडली की पांढरा चीक येतो. गोदाकाठ, खुंटांवर एखादं कोवळं धुमारं असेल तर बघा. झाडाला कोयता मात्र लावू नका.

---

नागलीची_भाकर | १८ फेब्रुवारी

एवढी चर्चा कशाला? सादडा हाय तो. ऐन म्हनतात शहरात.

मी पेठ तालुक्यातला. फोटो उघडला तेव्हा साल नंतर पाहिली, आधी झाड कसं साळलंय ते पाहिलं. शेताच्या बांधावरचं झाड असं खुंटापर्यंत साळायचं ते राबासाठी. आमच्याकडं राबाला पहिला मान सादड्याचा. टेंभुर्णी अशी कुणी साळत नाय, तिची पानं विडीला जातात. मोहाला तर कोयता लावायचाच नाय, फुलं-टोळंबी कोन देनार?

---

गोदाकाठ | १८ फेब्रुवारी

हे भारी आहे! पण राब म्हणजे नेमकं काय करतात? ऐकलंय बरंच, पाहिलेलं नाही.

---

नागलीची_भाकर | १९ फेब्रुवारी

थंडीच्या दिवसात सादड्याची टहाळं तोडायची. पानासकट वाळू द्यायची, मोळ्या बांधून ठेवायच्या. मग रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर थर लावायचे. खाली शेण, वर टहाळं, मग पालापाचोळा-गवत, सगळ्यात वर बारीक माती, म्हंजे आग भडकत नाय, धुमसत राहते. उन्हाळ्याच्या शेवटाला वाऱ्याचा रोख पाहून पेटवायचं. याला दाढ भाजनं म्हनतात. तनाचं बी जळतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते. पाऊस पडला की त्यात भात, नागली, वरईचं बी टाकायचं. रोप वीतभर झालं की उपटून आवनी.

आता सादडाच का? पान जाड, झाड मोठं, टहाळं भरपूर. आनि साळला तरी मरत नाय, पावसाळ्यात पुन्हा फुटतो. माझ्या आज्याच्या वेळचं झाड अजून बांधावर उभं हाय.

---

कवळकाठी | १९ फेब्रुवारी

आमच्या कोकणातही हेच, फक्त टहाळाला कवळ म्हणतात. ऐन आणि किंजळ दोन्ही तोडतात. किंजळ ऐनाचाच भाऊ, पण त्याची साल एवढी फाटलेली नसते. घाटावर किंजळ फारसा दिसत नाही, म्हणून तुमची एक शंका आपोआप मिटली.

---

पर्यावरणवेडा | २० फेब्रुवारी

रोमँटिक वाटतंय सगळं, पण दरवर्षी झाड असं बोडकं करणं म्हणजे त्याचा छळ आहे. यावर बंदी हवी. त्याऐवजी गादीवाफे करा, खत वापरा.

---

नागलीची_भाकर | २० फेब्रुवारी

साहेब, ज्याच्या बांधावर सादडा हाय तो त्याला पोरासारखा जपतो, कारन पुढच्या वर्षीचं रोप त्याच्यावर. जिथं राब सुटला तिथं बांधावरची झाडं आधी विकली गेली. माझ्या गावात पाहिलंय.

---

वकिलीण_बाई | २० फेब्रुवारी

भांडू नका. माहितीसाठी : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, मोह, हिरडा, तिवस यांच्या जोडीला ऐनही आहे. म्हणजे झाड स्वतःच्या शेतात असलं तरी परवानगीशिवाय मुळासकट पाडता येत नाही.

बाकी, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. दर हंगामाला साळलेल्या झाडाला फुलं-फळं धरायला फांदीच उरत नाही, त्यामुळे त्याच्यापासून नवी झाडं होत नाहीत. मूळ प्रश्नाचं उत्तर अवघड झालंय तेही याच कारणानं. न साळलेला ऐन असता तर फेब्रुवारीत वाळकी फळं लटकलेली दिसली असती आणि हा धागा दोन प्रतिसादांत आटोपला असता.

---

गोदाकाठ | २३ एप्रिल

धागा वर काढतोय.

काल पुन्हा गेलो होतो. आपलं झाड अजून तसंच उघडं. शेतात दाढ भाजून झालीय, काळा चौकोन दिसतोय. पण योगायोग बघा, वीसेक पावलांवर दुसरं एक काळ्या सालीचं झाड सापडलं. त्याला नवी पालवी आली होती आणि पिवळी पडू लागलेली गोल फळं. देठापाशी फळाला चिकटून बसलेली पाकळ्यांसारखी टोपी. दोन्ही खोडांचा फोटो मुद्दाम सावलीत, एकाच अंतरावरून काढलाय.

---

सह्यफिरस्ता | २३ एप्रिल

वा! दुसरं झाड टेंभुर्णी, शंभर टक्के. फळ खाल्लंत की नाही? पूर्ण पिकलेलं गोड लागतं, कच्चं मात्र जीभ आकसून टाकतं.

आता फोटो शेजारी ठेवून बघा. टेंभुर्णीच्या चौकड्या बोटभर, काळ्या, भेगा उथळ. पहिल्या झाडाच्या तळहाताएवढ्या लांब, भेगांमध्ये बोटाचं पेर जाईल एवढी खोली. उन्हाळ्यात पायथ्याचं गवत वणव्यात जळून जातं तेव्हा हीच जाड साल झाडाला वाचवते. तुमच्या फोटोत बुंध्याला काजळी लागलेली दिसते, वर मात्र काही झालेलं नाही.

वेळेचा फरकही लक्षात घ्या. टेंभुर्णीला एप्रिलमध्येच पान फुटतंय. ऐन आळशी. मे उलटल्याशिवाय, कधी पावसाचे चार थेंब पडल्याशिवाय, तो अंगावर काही घेत नाही.

---

रानभूल | २४ एप्रिल

ऐनाच्या खोडातून पाण्याची धार लागते तो व्हिडिओ हाच ना? २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानातला फिरत होता. वनखात्याच्या लोकांनी सालीला छेद दिला आणि नळासारखं पाणी आलं.

---

सह्यफिरस्ता | २४ एप्रिल

हेच झाड. कोरड्या दिवसांत काही ऐनांच्या खोडात पाणी साठतं, आणि जंगलातल्या लोकांना ते फार आधीपासून ठाऊक आहे. पण प्रत्येक ऐनात ते नसतं, आणि बाहेरून खात्रीनं सांगता येत नाही. व्हिडिओ गाजल्यावर ठिकठिकाणी हौशी मंडळी ऐनांना भोकं पाडत सुटली तर पाणी मिळायचं नाही, झाडं मात्र जायची. ओळख पटवायला तर ही पद्धत अजिबात वापरू नका.

---

सुतारकाम | २६ एप्रिल

लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. ऐनाचं लाकूड जड, चिवट, गाभा तपकिरी आणि त्यात गडद रेघा. पॉलिश केल्यावर अक्रोडाच्या तोंडात मारेल. पण रेषा उलटसुलट, रंध्याला दाद देत नाही, आणि घाईनं वाळवलं तर तडकतं. खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडून घ्या, नाहीतर खिळा वाकतो. आमच्या वडिलांच्या वेळी इगतपुरीकडच्या घरांना ऐनाचे खांब आणि सागाच्या फळ्या अशी वाटणी असायची. भार ऐनानं घ्यायचा, शोभा सागानं.

---

गोदाकाठ | १४ जून

फुटलं! पानं आली!

खुंटांच्या टोकांतून झुबक्यांनी धुमारे आलेत. अगदी कोवळी पानं तांबूस, त्यांवर बारीक लव, बोटाला मऊ लागते. थोडी जुनी झालेली हिरवी आणि जाड. बहुतेक समोरासमोर आहेत, पण काही जोड्या किंचित पुढे-मागे. चीक नाही. आता कुठे बघू?

---

वकिलीण_बाई | १४ जून

पान उलटं करा. देठ जिथं पात्याला मिळतो तिथून मधल्या शिरेवर थोडं वर बघा. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या.

---

गोदाकाठ | १५ जून

मधल्या शिरेला लागून दोन बारीक गाठी आहेत! मोहरीपेक्षा लहान. सपाट नाहीत, आखूड देठावर उभ्या आहेत. एका पानावर एकच सापडली. आणि एका गाठीवर मुंगी तोंड लावून बसली होती, फोटो हलला त्यामुळे.

---

वकिलीण_बाई | १५ जून

झालं काम. त्या मधुग्रंथी. त्यांतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यासाठी येतात. टेंभुर्णीला अशा ग्रंथी नसतात, मोहालाही नाही. या गाठी दिसल्या की आपण अर्जुन-ऐन-हिरडा-बेहडा या गोतावळ्यात आलो, शास्त्रीय भाषेत टर्मिनेलिया प्रजाती.

गोतावळ्यात कोण, ते गाठी कुठे आहेत त्यावरून बरंचसं कळतं. अर्जुनाच्या गाठी देठाच्या वरच्या टोकाला, पात्याच्या अगदी बुडाशी, कडेला असतात. ऐनाच्या पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेजवळ आणि देठावर उभ्या. हिरड्याच्या देठावरच असतात. बेहड्याची पानं फांदीच्या टोकाला दाटी करतात, तो लांबूनच वेगळा पडतो.

ऐनाचं हल्लीचं शास्त्रीय नाव टर्मिनेलिया इलिप्टिका. जुन्या पुस्तकांत टोमेंटोसा सापडेल, ते त्या लवेवरून.

---

आजीबाईचा_बटवा | १७ जून

एक शंका. आमच्या वैद्यांकडे ‘अर्जुनसादडा’ म्हणून साल मिळते, हृदयाला देतात. वर पेठच्या दादांनी सादडा म्हणजे ऐन सांगितलं. मग ही साल कुणाची?

---

वकिलीण_बाई | १७ जून

अर्जुनाची. पेठ-सुरगाण्याकडे नुसतं सादडा म्हटलं की डोंगरावरचा ऐन. औषधाच्या दुकानात अर्जुनसादडा म्हटलं की अर्जुन. म्हणूनच रानात कुणी ‘सादडा’ दाखवला म्हणून त्याची साल काढून काढा करू नये. आणि औषध वैद्यांना विचारूनच घ्यावं, धाग्यावर विचारून नाही.

---

झाडीपट्टी | २ जुलै

गडचिरोलीहून लिहितोय. आमच्याकडे याले येन म्हणतात, आणि येन म्हटलं की आधी कोसा, म्हणजे टसर रेशमाचा कोश आठवते. टसर रेशमाचे किडे येन-अर्जुनाच्या पाल्यावर पोसतात. भंडारा-गडचिरोलीत ढिवर समाजाचे लोक जंगलातल्या झाडांवर किडे सोडतात आणि पाखरांपासून राखण करत दिवसभर झाडाखाली बसतात. घरात ताटात पाला टाकून हे किडे वाढत नाहीत, त्यांना उघडं झाडच लागते.

तुमच्याकडेही झाडावर रानटी कोसा सापडू शकते. पावसाळ्यानंतर फांद्यांवर बघा. अंड्यासारखा आकार, भुरकट रंग, टणक. आणि वरून एक दांडी निघून फांदीभोवती कडं करून बसते, ओढून निघत नाही.

---

गोदाकाठ | ९ जुलै

बांधावरच्या झाडाला फूल नाहीच, अपेक्षेप्रमाणे. पण नागलीची_भाकर यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगितल्याप्रमाणे गावातल्या एका आजोबांबरोबर वरच्या देवराईत जाऊन आलो. तिथं कुणी कोयता लावत नाही. साल तीच, पण झाड सरळसोट आणि एवढं उंच की शेंडा पाहायला मान मोडावी लागते. पाऊस होता, दुर्बिणीच्या काचा सारख्या पुसाव्या लागत होत्या. फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळसर कणसं लोंबत होती, खाली पडलेलं एक उचललं. फुलं इवलीशी, पाकळ्या दिसतच नाहीत, नुसते केसर बाहेर आलेले. वास विशेष चांगला नाही.

---

सह्यफिरस्ता | १० जुलै

पाकळ्या दिसत नाहीत कारण त्या नसतातच, निदलपुंजच, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरणच, सगळं काम करतो. अर्जुनाची फुलं दिसायला अशीच, पण तो उन्हाळ्यात फुलतो. गोदेच्या काठी अर्जुनाखाली मे महिन्यात कणसांचा सडा असतो, तेव्हा हरसूलचा ऐन अजून उघडाच असतो. पुढच्या वर्षी दोन्हीकडे एकाच आठवड्यात जाऊन बघा.

पानांवर फोड आलेले दिसले का? जुलैनंतर ऐनाच्या पानांवर कीटकांमुळे गाठी येतात. बरेच जण त्यांनाच मधुग्रंथी समजतात. त्या पात्यावर कुठेही आणि कितीही असतात. मधुग्रंथी बुडाशीच, एक किंवा दोन.

---

रानभूल | १० जुलै

देवराईचं नाव-गाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. नाहीतर पुढच्या रविवारी तिथं वडापावची गाडी.

---

गोदाकाठ | २१ डिसेंबर

देवराईतल्या झाडाखाली फळं मिळाली. हिरवट-तपकिरी, वाळायला लागलेली, साधारण दोन बोटं लांब. मधे कठीण गाभा आणि त्याला उभे पाच पंख. पंख रुंद, कागदासारखे पातळ. उजेडासमोर धरलं तर पंखातल्या शिरा गाभ्यापासून निघून आडव्या, सरळ कडेपर्यंत जातात.

तुलनेसाठी गोदाकाठच्या एका अर्जुनाखालून गेल्या हंगामाची जुनी फळंही उचलून आणली. पंख पाचच, पण अरुंद आणि जाड. शिरा कडेकडे जाताना वर वळतात. दोन्ही फळं एकाच पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो टाकतोय. बांधावरच्या झाडाची टहाळं कालच तोडून झालीत, मोळ्या बांधावर रचल्यात.

आणि हो, झाडीपट्टी, कोसा सापडला! रिकामा, एका टोकाला भोक पडलेला. दांडीचं कडं फांदीला इतकं घट्ट की फांदीसकट तोडावं लागलं असतं, म्हणून तिथंच ठेवला.

---

झाडीपट्टी | २१ डिसेंबर

भोक पडलं म्हणजे आतला पतंग उडून गेला. मस्त!

---

वकिलीण_बाई | २२ डिसेंबर

फळांचा फोटो नमुना म्हणून जपून ठेवावा असा आहे. आडव्या शिरा ऐन, वर वळणाऱ्या अर्जुन. निष्पर्ण झाडाखालीसुद्धा ही एक खूण पुरते. धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्येच फोटो डकवून टाका, पुढे शोधत येणाऱ्यांची सोय होईल.

---

कवळकाठी | २२ डिसेंबर

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

गोदाकाठ | २३ डिसेंबर

डकवला. शेवटचं विचारतो. या फळांपासून रोपं करता येतील का? बांधाच्या मालकाशी बोलणं झालंय, दोन-चार झाडं न साळता वाढवायला तो तयार आहे.

---

सुतारकाम | २३ डिसेंबर

आता पेरू नका. फळं झाडावरच पूर्ण वाळू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडली की गोळा करा, गोणपाटात भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाच्या तोंडावर दोन दिवस पाण्यात भिजवून पिशव्यांमध्ये लावा.

---

नागलीची_भाकर | २४ डिसेंबर

हवी त्याच्यापेक्षा चौपट लावा. सादड्याची लय फळं आतून पोकळ निघतात, उगवत नाय. पिशवी लांबट घ्या, सोटमूळ खोल जातं. आनि उगवलं की पहिली दोन वर्सं शेळ्यांपासून राखा, मालकाला सांगा काटेरी कुपन करायला. करवंदीच्या फांद्या चालतील, आमच्याकडून घेऊन जा.

---

गोदाकाठ | २४ डिसेंबर

नक्की येतो. मार्चमध्ये फळं गोळा करायला कोण कोण येतंय? नाशिकहून गाडीत तीन जागा आहेत. व्यनि करा.